पोर्चमधलं कुंकू

आमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी पोर्चमध्ये जाते ती आई. तिची रांगोळीची जागा गाडीच्या पुढच्या चाकापासून हातभरावर. ऐन आषाढात एकदा तिने तिथूनच हाक मारली, "इथे कुंकू कुणी सांडलं गं?" मी चहाच्या तंद्रीत होते. पुसून टाक म्हटलं, तिने पुसून टाकलं. हे कुंकू बोटाला तेलकट लागतंय, असं ती पुटपुटली होती. तेव्हाच ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

गाडी ऑटोमॅटिक. बाबांच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला, तेव्हा घेतलेली सेकंडहँड, चारच गिअरची. त्या रविवारी आमच्या इंदूरच्या बिजासनच्या टेकरीवर निघालो आणि चढाला लागताच इंजिन एकदम ओरडायला लागलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांवर, गाडी मात्र लग्नात रुसलेल्या जावयासारखी जागची हलेना. मागून एक स्कूटरवाला शेजारी येऊन म्हणाला, "भिया, हैंडब्रेक तो नी लगा है?" बाबा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "गर्जेल तो पडेल काय."

इथून तासाभरावर पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली सुरू झालेला. तिथे गाड्या तिरप्या वळणांवरून भन्नाट पळवतात. आम्ही टेकरीवरून न्यूट्रलमध्ये उलटे उतरत होतो.

मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि निदान सांगितलं, "साब, गेर स्लिप मार रिया है. पूरा डब्बा खोलना पड़ेगा." आकडा ऐकून मला घाम फुटला, पण बाबांना नाही. त्यांची सगळी नोकरी विद्युत मंडळात ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासण्यात गेलेली. ते म्हणाले, "आधी तेल. डबा नंतर."

मग मला कळलं की या गाडीत इंजिन आणि चाकं यांची लोखंडाने थेट गाठच नसते. मध्ये तेल. रवीने ताक घुसळताना वर आलेला लोण्याचा गोळा रवी न लागताही गरगरतो ना, तसं इंजिन तेल घुसळतं आणि त्या तेलाने पुढचं चक्र फिरतं. ही टॉर्क कन्व्हर्टरची युक्ती फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली जहाजांसाठी काढली. त्यापुढे पातळ चकत्यांच्या थप्प्या असतात. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींवर आवळल्या की गिअर पडतो. तेल कमी असलं की चढावर ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, दाब जातो आणि चकत्या निसटतात. इंजिन बिचारं ओरडून सांगत असतं, पण निरोप चाकांपर्यंत पोचत नाही. (आमच्याकडे दुपारी आई स्वयंपाकघरातून बाबांना जे सांगते, त्याचंही बहुतेक असंच होतं.)

तेल बघणं हा बाबांनी सोहळाच केला. गाडी वीस मिनिटं फिरवून गरम केली, सपाट जागी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. मी ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका घरात क्षणभर थांबवत सगळीकडे फिरवून परत पीवर आणला. मग त्यांनी डिपस्टिक आईच्या जुन्या वायलच्या साडीच्या तुकड्याने पुसली, आत घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, नुसतं टोक ओलं. त्यांनी थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला, हुंगला. करपलेल्या फोडणीसारखा वास आला असता तर चकत्या जळाल्या म्हणायचं, मग घरी हात लावण्यात अर्थ नाही. तसा वास नव्हता. रंग मळकट, पण लालच. हा लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळलं तर कुठलं तेल ते ओळखू यावं म्हणून.

लाल म्हटल्यावर आम्ही तिघांनी एकदमच पोर्चच्या फरशीकडे बघितलं.

तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप टोकाशी कडक होऊन चिरला होता. तो नवा घातला, क्लिपाही नव्या. तेलासाठी दुकानात गेलो तर मालक म्हणे, "अंकल, सब एक ही है." बाबांनी गाडीचं पुस्तक काउंटरवर उघडून ठेवलं आणि त्यातलाच नंबर मिळेपर्यंत हलले नाहीत. यात हट्ट नव्हता. त्या चकत्यांनी घट्ट धरायचं, पण धरण्याआधी किंचित घसरायचंही, नाही तर प्रत्येक गिअरला धक्का बसेल. ते माप तेलात असतं. या मापासाठी अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गिअरच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत! एवढा मोठा मासा (मासा नव्हे, सस्तन प्राणी, हे बाबांनी लगेच दुरुस्त केलं) मोटारीच्या पोटात कशाला गेला, त्याचं मला अजून नवल वाटतं.

गाडी लोखंडी स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, अशी तंबी मला तीनदा मिळाली. दहाच्या पान्याने तेलाच्या चेंबरचे बोल्ट एका कोपऱ्यातून सैल केले, तरी तेलाची धार आली ती थेट माझ्या बाहीवर. तळाशी लोखंडाचा चुरा धरणारी दोन चुंबकं होती, त्यांवर राखाडी लेप. बाबांनी तो चिमटीत चोळला. काजळासारखा मऊ. "कणी लागत नाही," ते म्हणाले. पोह्यात खडा लागला नाही, या समाधानाने.

फिल्टर, गॅस्केट बदललं, लांब नळीच्या नरसाळ्याने थोडं थोडं तेल घातलं. जास्त झालं तर फेसाळतं. निम्मं जुनं तेल कन्व्हर्टरच्या पोटातच राहतं, म्हणून पंधरा दिवसांनी हेच पुन्हा केलं. बिजासनला आता जाते गाडी. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर पडताना अजून जरा रेंगाळते. बाबा म्हणतात, गुडघाही सकाळी असाच रेंगाळतो.

राहिलं ते जुनं तेल. इंदूरमध्ये कचऱ्याचे सहा प्रकार लहान पोरालाही पाठ, त्यात घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा डबा. पण मी कॅन घेऊन कचरागाडीपाशी गेले तर तिथला माणूस दोन पावलं मागे सरला. शेवटी मेकॅनिकनेच ठेवून घेतलं. डब्बा न खोलता काम झालं, यावर त्याचा अजून विश्वास नाही.

गाडीखाली आता जुना पेपर पसरलेला असतो. काल त्यावर ठिपका होता. बाबांनी वाकून बोट लावलं, हुंगलं. एसीचं पाणी. आई रांगोळीचा डबा हातात धरून तोवर थांबली होती, मग तिने तिचे ठिपके काढायला घेतले.