मिरजेचे तंबोरे, चाचांची बोटं आणि जर्मनीचा व्हिसा

मिरजेचा तंबोरा परदेशी जातो याचं आमच्या सतारमेकर गल्लीत कुणाला नवल नाही. लाकडी खोक्यात नीट आवळून बांधलेली वाद्यं युरोप-अमेरिकेला निघताना मी लहानपणापासून बघतोय. घडवणारा माणूस मात्र सहसा गल्लीतच राहतो. २०२५च्या हिवाळ्यासाठी जर्मनीतल्या एका संगीतसंस्थेनं मला आणि माझ्या चाचांना बोलावलं. तंबोरा कसा घडतो ते सांगायचं, जवारी लावून दाखवायची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद कसा खुलवतात ते, आणि विद्यार्थ्यांच्या शंका सोडवायच्या. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्थेचा, मानधन काही नाही. मानधनाचं मुद्दाम सांगतोय, कारण व्हिसाच्या फॉर्ममध्ये त्याला फार महत्त्व आहे.

चाचांकडे पासपोर्टच नव्हता. सत्तरीच्या आसपासचा माणूस, आयुष्यात मुंबईच्या पुढं गेलेला नाही. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव शिकलगार आणि आधारवर सतारमेकर. आमच्याकडे हे घराघरात सापडतं. वाडवडील हत्यारं घडवणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात मिरज संस्थानात गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता ते स्वतःच सतारी घडवू लागले आणि धंद्याचं नाव हळूहळू आडनाव होऊन बसलं. इतिहास म्हणून छान आहे, पण पासपोर्टसाठी एकच आडनाव लागतं. म्हणून आधी प्रतिज्ञापत्र, मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात, आणि ती छापून आल्यावर पासपोर्टचा अर्ज. हे आधी उरकलं म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं. नाहीतर पासपोर्टवर एक नाव, बँकेत दुसरं आणि निमंत्रणपत्रावर तिसरं झालं असतं.

जन्मतारीख एक जून. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती तारीख. सगळ्या कागदांवर तीच असली की कुणी काही विचारत नाही.

सांगलीच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात कागद तपासले, फोटो काढला, फाईल पुण्याला गेली, पोलीस चौकशी झाली. छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी पंधराशे रुपये. साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट मिळते, ती चाचांना मिळाली. माझा पासपोर्ट आधीच काढलेला होता. पण मी नववीतून शाळा सोडलेली, त्यामुळं त्यावर ‘ईसीआर’चा शेरा आहे. गल्लीत एकानं घाबरवलं, म्हणाला, तुला विमानतळावरूनच परत पाठवतील. तसं काही नाही. दहावी न झालेला माणूस सौदी, कुवेत, कतार, मलेशिया अशा ठरावीक अठरा देशांत नोकरीला निघाला, तर त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते, त्यासाठी तो शेरा. जर्मनीला कार्यक्रमासाठी जाणाऱ्याला त्याचं बंधन नाही. चाचा सातवी पास, तरी त्यांच्या पासपोर्टवर शेरा नाही, कारण पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही. चाचांनी हे मला बरेच दिवस ऐकवलं.

आता व्हिसा. सांगलीत एका एजंटकडे चौकशी केली. त्यानं फॉर्म पुढं ओढला आणि म्हणाला, ‘टुरिझम’वर टिक करू, लवकर होतं, हॉटेलचं बुकिंग मी दाखवतो. शेंगेन म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा. त्याचा फॉर्म सगळ्या सभासद देशांना एकच. त्यात प्रवासाच्या कारणाचा रकाना असतो: पर्यटन, व्यवसाय, नातेवाईक किंवा मित्रांची भेट, सांस्कृतिक, खेळ, वैद्यकीय, शिक्षण वगैरे. आमच्या हातात सांस्कृतिक कार्यक्रमाचं निमंत्रण, सामानात दोन तंबोरे, कानशी, पटाश्या, तारांची वेटोळी. अशा माणसानं पर्यटक म्हणून जायचं आणि तिकडच्या अधिकाऱ्यानं बॅग उघडायला सांगितली तर काय बोलायचं? फाईल जे म्हणते तेच सामानाच्या पेटीनंही म्हटलं पाहिजे. मी एजंटला नमस्कार केला आणि ‘सांस्कृतिक’वर टिक करून फॉर्म स्वतः भरला.

मानधनाचा मुद्दा इथं येतो. या व्हिसावर तिथं कमवायला जाता येत नाही. म्हणून निमंत्रणपत्रात संस्थेनं साफ लिहिलं की प्रात्यक्षिकं आहेत, पैसे घेऊन दुरुस्ती नाही, खर्च आम्ही उचलू. शिवाय त्यांनी तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र केलं. त्याचं जर्मन नाव ‘फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’. चाचा म्हणाले, एवढं म्हणेपर्यंत चारी तारा लावून होतात. फी एकोणतीस युरो, ती यजमानानं भरायची. ते मूळ कागदच लागतं, मोबाईलवर आलेला फोटो चालत नाही, म्हणून कुरिअरला लागणारा वेळ आधीच धरून ठेवावा.

बाकी कागद कुणालाही लागतात तेच. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढं निदान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि पूर्ण मुक्कामाचा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. प्रौढाची फी जून २०२४पासून नव्वद युरो आहे. ती रुपयांत भरायची, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार.

खरी झटापट झाली ती ‘परत येणार कशावरून’ या प्रश्नाशी. नोकरदार माणूस पगाराची स्लिप आणि साहेबाचं रजेचं पत्र जोडतो आणि मोकळा होतो. आमच्याकडे साहेब कोण? गवई येतो, तंबोरा सांगतो, इसार देतो, बाकीचे नेताना देतो. सगळा व्यवहार शब्दावर. चाचा जवारीचं काम नगावर करतात आणि त्यांचं उत्पन्न आयकराच्या रेषेखाली. घर आजोबांच्या नावावर, प्रॉपर्टी कार्डावर डझनभर वारस.

आमच्या सीएनं बरं सुचवलं: तुमचा धंदा जसा आहे तसाच मांडा, नोकरदारासारखा दाखवायला जाऊ नका. मी माझी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचा उतारा, उद्यम नोंदणी आणि दुकानाचा परवाना जोडला. हातातल्या ऑर्डरींची यादी केली, कोणाचं वाद्य, किती इसार आला, कधी द्यायचं. इसार बँकेतून आलेले होते तिथं उताऱ्यावर खूण केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे कागद लावले. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडली. चाचांसाठी रेशनकार्डावरून नातं दाखवलं आणि एक पत्र लिहिलं. त्यात सांगितलं की पंढरपूर-मंगळवेढा भागातून आणलेले भोपळे माळ्यावर वाळतायत, तूनच्या लाकडाच्या दांड्या कोरून ठेवल्यात आणि जवारी लावणारा घरात हा एकच म्हातारा हात आहे. तो परत आल्याशिवाय ही वाद्यं बोलणार नाहीत. सीएला हे वाक्य जरा नाटकी वाटलं. मी ठेवलं, कारण ते खरं होतं.

खात्यात अचानक मोठी रक्कम टाकून शिल्लक फुगवायचा सल्लाही मिळाला होता. खर्चाची हमी संस्थेनं घेतलेली असताना असला आकडा उलट प्रश्न उभे करतो. आमच्या ओळखीच्या एका वादकाचा व्हिसा असाच नाकारला गेला. नकाराचा छापील कागद येतो, त्यात चौकटीवर खूण असते: मुदत संपण्याआधी परत जाण्याचा इरादा खात्रीचा वाटत नाही. पूर्वी जर्मनीच्या बाबतीत वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जा. म्हणजे पहिलीच फाईल नीट गेली पाहिजे.

अर्ज पुण्याच्या व्हिसा केंद्रात द्यायचा, निर्णय मुंबईची जर्मन वकिलात घेते. आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसनं गेलो, कारण सकाळची अपॉइंटमेंट घेऊन मिरजेहून रात्री निघणं चाचांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. कागद तपासणारी मुलगी शांत होती. अडलं ते बोटांवर.

आयुष्यभर कानस, पॉलिशपेपर आणि तारा यांच्याशी घासून चाचांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. रेशन दुकानातल्या मशीनवरही दर महिन्याला तोच तमाशा. इथं दहाही बोटांचे ठसे लागतात. मशीन एकेक बोट नाकारत होतं आणि चाचांचा चेहरा उतरत होता. मी हे आधी ताडून तयारी केली होती: आठवडाभर त्यांना पटाशीला हात लावू दिला नव्हता, रात्री खोबरेल, सकाळी कोमट पाणी. तरी दोन बोटं उमटेनात. त्या मुलीनं हात पुसायला लावले, पुन्हा घेतले, मग शेरा मारून पुढं घेतलं. नियमात त्याची सोय आहे, ठसे घेणंच शक्य नसेल तर तेवढ्यावरून अर्ज अडत नाही. हातानं काम करणाऱ्या कुणालाही, मग तो गवंडी असो की विणकर, हे माहीत असलेलं बरं.

साधारणपणे पंधरा दिवसांत निर्णय होतो, लांबला तर पंचेचाळीसपर्यंत. आमचा वेळेत आला. स्टिकरवर दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या. कधीपासून कधीपर्यंत हा एक रकाना आणि आत प्रत्यक्ष राहायचे दिवस हा दुसरा. पहिला मोठा असतो आणि लोक त्यावर भुलतात. बंधन दुसऱ्याचंही असतं.

मग सामानाची पेटी. हा भाग कुठल्या एजंटला माहीत नसतो, म्हणून वाद्य नेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची घोडी असते. असं काहीही सोबत नेऊ नका, इथला वन्यजीव कायदा आणि तिथला, दोन्ही आडवे येतात. आजोबांचा तंबोरा न्यावा अशी चाचांची फार इच्छा होती, तो घरीच राहिला. नवे दोन घेतले, फायबरच्या घोडीचे. “आवाज उघडा येतो,” चाचा म्हणाले. येतो, पण तंबोरा सीमेपलीकडं जातोही. शिसवीबद्दल २०१७ ते २०१९ मोठा गोंधळ होता. आंतरराष्ट्रीय करारात शिसवाच्या सगळ्या जाती आल्या आणि तयार वाद्यांनाही परवाने लागू लागले. २०१९च्या अखेरीपासून पूर्ण झालेली वाद्यं आणि त्यांचे तयार भाग यांना सूट आहे. न घडवलेल्या ठोकळ्याला ती सूट नाही. चाचांनी तिकडं घोडी कोरून दाखवायला एक ठोकळा बांधून ठेवला होता, तो मी काढला. त्याऐवजी घरी कोरतानाचा व्हिडिओ केला. पॉलिशचं स्पिरिट ज्वालाग्राही, ते विमानात कुठंच चालत नाही. कानशी-पटाश्या चेक-इन बॅगेत, हाताशी नाही.

मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडून दोन्ही तंबोऱ्यांची नोंद असलेला निर्यात दाखला घेतला. परत आणताना ‘हे बाहेरून विकत आणलं’ असा प्रश्न उठू नये म्हणून. वेळ लागतो, तास-दीड तास जादा धरा. तिकडं विकायचं असेल तर हा मार्गच नव्हे. हवाईमार्गे युरोपात जाणाऱ्या प्रवाशाला करमुक्त माल चारशे तीस युरोपर्यंतच, आणि एक तंबोरा सहज त्याच्या वर जाऊ शकतो.

फ्रँकफर्टला अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी? मी निमंत्रणपत्र पुढं केलं. त्यानं लांब खोक्याकडं बोट दाखवलं. चाचांनी इंग्रजीची वाट न बघता हवेत चार बोटं फिरवून तार छेडून दाखवली. शिक्का मिळाला. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकातली नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. आत किती दिवस राहिलात हे आता पानं उलटून मोजायचं काम राहणार नाही, यंत्रच सांगेल. एकशेऐंशी दिवसांच्या कुठल्याही कालावधीत नव्वदपेक्षा जास्त नाही, हा मूळ नियम तोच.

कार्यशाळेबद्दल वेगळं लिहीन. इथं एवढंच की विद्यार्थी घरचे तंबोरे घेऊन आले, एकानं जवारीचे पैसे काढले आणि चाचांनी त्याचा हात धरून त्याच्याकडूनच जवारी लावून घेतली.

आता तिथल्याच लोकांनी पुन्हा बोलावलंय. तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानं वापरले तर भारतीयांना पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, हा बदल एप्रिल २०२४चा. ठसे एकोणसाठ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळं चाचांना बोटांना खोबरेल चोळत बसायला नको. पण ते म्हणतात, या वेळी मी नाही, पोराला ने. पोरगा म्हणजे त्यांचा नातू, नुकताच जवारीला बसायला लागलाय. त्याच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं पडलंय. ते दुरुस्त करायचा अर्ज दिलाय, आणि दुरुस्त दाखला हातात आला की सांगलीच्या पोस्टात.