तुम्ही विचारलंत म्हणून: ते रंग खरे की भरलेले?

मी काढलेला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाचा, फोटो कुणालाही दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. साताऱ्यात शेजारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी गाठून विचारतं, आणि आमचा दूधवाला तर सरळच, "दादा, ह्ये रंग खरं हायत का कॉम्प्युटरवर भरल्यात?" दुर्बीण केवढ्याला पडली, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचं उत्तर सोपं आहे: दुर्बिणीआधी तिला फिरवणाऱ्या माउंटवर पैसे घाला. आकाश सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), आणि माउंटला ते नीट पकडता आलं नाही तर महागातली दुर्बीणसुद्धा रेघोट्याच काढते. रंगांच्या प्रश्नाला मात्र जरा बैठक लागते.

रंग खरे आहेत. पण ते तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाहीत, मलाही दिसत नाहीत.

अंधारात आपला डोळा दंडपेशींवर चालतो. त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही, आणि गडद लाल प्रकाश तर जवळजवळ जाणवतच नाही. नेमका तोच या तेजोमेघांमध्ये भरपूर असतो: तापलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशात चमकतो. म्हणून गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावणारे पाहुणे हिरमुसतात. त्यांना फोटोतला गुलाबी मेघ हवा असतो, दिसतो राखाडी धूर. मोठ्या दुर्बिणीतून काहींना मध्यभागी हिरवट छटा जाणवते, तेवढीच. "जवळ गेलो तर दिसेल की," असंही म्हणणारे असतात. मृगातला मेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षं लांब आहे. समजा गेलात. मेघ आकाशभर पसरलेला दिसेल, पण त्याच्या प्रत्येक तुकड्याचा उजेड होता तेवढाच राहील. दुर्बीणही हेच करते, आकार वाढवते, पण पसरट वस्तूची तेजस्विता वाढवू शकत नाही. थोडक्यात, यानाच्या खिडकीतूनही बहुधा धूरच दिसेल.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो प्रकाश साठवतो. पण बाजारातून आणलेला साधा डीएसएलआरही इथे सरळ वागत नाही. दिवसाचे फोटो आपल्या नजरेला पटावेत म्हणून त्याच्या सेन्सरपुढे एक फिल्टर बसवलेला असतो, आणि तो हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो. मग लाल मेघ फिक्कट, निळसर येतो. या छंदातले लोक तो फिल्टर काढून घेतात. ऐकणाऱ्याला ही छेडछाड वाटते. प्रत्यक्षात कॅमेरा उघडल्यावरच तो आलेल्या प्रकाशाशी जास्त प्रामाणिक होतो. "एडिट न केलेला ओरिजिनल दाखवा," असं म्हणणाऱ्याला मी म्हणूनच आधी विचारतो, कुठला ओरिजिनल?

कच्चा फोटो मी दाखवतोही. तो जवळपास काळा असतो, त्यात चार तारे. १४ बिटांच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात, आणि मेघाचा अंधुक भाग तळाच्या थोड्याशा पायऱ्यांमध्ये दडलेला असतो. शिवाय सेन्सरचा आणि आकाशाचा गोंगाट, म्हणजे नको ते दाणेदार ठिपके, त्यात मिसळलेला. म्हणून दोन-तीन मिनिटांचे फोटो रात्रभर घेत राहायचे आणि एकावर एक रचायचे. वर्गात पोरं आपापलं बोलत असली की नुसता कलकलाट ऐकू येतो, सगळी मिळून पाढा म्हणायला लागली की पाढा ऐकू येतो. मेघ प्रत्येक फोटोत तोच असतो, गोंगाट दरवेळी निराळा. सरासरी काढली की निराळं ते विरतं. ६४ फोटो रचले तर गोंगाट आठपट खाली येतो. तो आणखी निम्मा करायचा तर २५६ लागतात, म्हणून या छंदात झोपेचं गणित बसत नाही. उपग्रहांच्या रेषाही याच टप्प्यावर गळून पडतात. लेन्सवरची धूळ आणि कडेचा काळोख घालवायला फ्लॅट, म्हणजे सारख्या उजेडाचे कोरे फोटो, घ्यायचे. पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बसवायचा आणि उजळत्या आकाशाचे फोटो घ्यायचे. सगळ्या सामानात स्वस्त तेवढंच.

रचून झालं की तळाच्या पायऱ्या वर ओढायच्या. याला स्ट्रेच म्हणतात. इथे काही नवीन आणलं जात नाही, अंधुक होतं ते उजळ होतं. किती ओढायचं ही मात्र माझी निवड, आणि ती निवड नाही असं मी कधी म्हणत नाही.

मग रंगांचा तोल. सेन्सरला लाल आणि निळ्यापेक्षा हिरवा प्रकाश जास्त टिपता येतो, त्यामुळे रचलेला फोटो बहुतेकदा हिरवट दिसतो. तो डोळ्यांच्या अंदाजाने सुधारला तर दूधवाल्याची शंका रास्त ठरेल. सिरिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर फोटोतले तारे ओळखतं, गाया उपग्रहाने मोजलेल्या त्यांच्या रंगांशी ताडून पाहतं आणि त्या हिशोबाने फोटोचा तोल लावतं. म्हणजे साक्षीदार तारे असतात, मी नाही.

आता अडचणीची बाजू. शहरातून, पांढऱ्या एलईडींच्या उजेडात, हे सगळं जमत नाही. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश फिल्टरने कापता यायचा. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, काय काय कापणार? रात्री यवतेश्वरच्या घाटातून खाली सातारा बघा, म्हणजे कळेल. घरच्या गच्चीवर मी असा फिल्टर लावतो की हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा निळसर हिरवा एवढेच दोन पट्टे आत येतात. तेजोमेघाला तेवढे पुरतात, पण ताऱ्यांचे रंग बिघडतात. असा फोटो दाखवताना मी तसं सांगतो. देवयानी दीर्घिकेला (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मोठा समूह) हा फिल्टर चालत नाही, तिचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा आणि सगळ्या रंगांतला. तिच्यासाठी गाडीत सामान टाकून माण तालुक्यातला माळ गाठावा लागतो. ठोसेघरची बाजूही अंधारी आहे, पण तिकडच्या दवाने लेन्स भिजते. पावसाळ्यात अर्थात दोन्हीकडे काही नाही.

आणि काही फोटोंतले रंग खरंच बदललेले असतात. १९९५ साली हबल दुर्बिणीने घेतलेला गरुड तेजोमेघातल्या खांबांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. खऱ्यात गंधक आणि हायड्रोजन दोन्ही लालच, ६७२ आणि ६५६ नॅनोमीटरचे. सारख्या रंगात दाखवले असते तर कुठे काय आहे ते वेगळं कळलंच नसतं. ही फसवणूक नव्हे, तो नकाशा आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा: धारदारपणा वाढवण्याच्या नावाखाली फोटोत नव्हतेच ते धागे काढून देणारी काही एआय साधनं. तिथे प्रकाश आलेलाच नसतो. गोंगाट थोडासा कमी करायला मीही एआय वापरतो, पण रचलेल्या मूळ फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय फोटो कुणाला देत नाही.

एवढं ऐकून दूधवाला म्हणाला, "म्हंजे डोळ्याला कायच रंग दिसत न्हाई व्हय?" दिसतो, ताऱ्यांचा दिसतो. फेब्रुवारीत संध्याकाळी मृग वर आला की त्यातला काक्षी (बीटलज्यूस) हा तारा बघा आणि मग राजन्य (रायजेल). पहिला तांबूस, पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० केल्विन. दुसरा निळसर पांढरा, १२,००० च्या आसपास. फरक नीट कळत नसेल तर साध्या द्विनेत्रीचा (बायनॉक्युलरचा) फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. तारा पसरून छोट्या थाळीसारखा गोल होतो आणि रंग लगेच ओळखू येतो. त्याला कॅमेरा लागत नाही, आणि शहरातल्या गच्चीवरूनही जमतं.