तारखेचा कागद

आमच्या वाचनालयात जूनमध्ये स्कॅनर आला आणि पहिले दोन दिवस मी पुस्तकांपेक्षा बिस्किटांचे पुडेच जास्त स्कॅन केले. कारण पुड्यांवर बारकोड असतो, आमच्या पुस्तकांवर नसतो.

म्हणजे नव्यांवर असतो. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलंय, आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर, कॅमेरा धरला की नाव, लेखक, प्रकाशक सगळं आपोआप भरतं. पण हे नंबर द्यायला लागले साधारण १९७० पासून, आणि आमची निम्मी कपाटं त्याच्या आधीची, शिवाय गावातल्याच कुणीतरी पदरमोड करून छापलेली नाटकं, भजनं, आठवणी, त्यांना कसला नंबर! भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला असं आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, आणि त्याच गोव्यात छापलेलं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं की अ‍ॅप म्हणतं, नॉट फाउंड.

मग ठरवलं जुनी छापील यादी स्कॅन करून ओसीआरला, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्यायची, म्हणजे टायपिंग वाचेल. त्याने बरंच बरोबर वाचलं हो, पण जुन्या टाइपातला ख त्याला रव दिसतो. त्यामुळे रहस्यकथांच्या अख्ख्या कपाटात एकही खून राहिला नाही, सगळीकडे रवून. ते निस्तरायला नको म्हणून व्हॉइस टायपिंग करून बघितलं. आता आमच्याकडे बोलणं कोकणी आणि वाचणं मराठी, दोन्ही एकाच तोंडात, त्यामुळे हरवलेल्या पुस्तकापुढे शेरा सांगताना मी सवयीने "शेणलां" म्हणाले आणि स्क्रीनवर उमटलं, शेण लाव. दोन पुस्तकांपुढे तो शेरा अजून तसाच आहे, काढवत नाही.

एवढं सगळं करून शेवटी कोहा सुरू झालं. हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनवलं आणि २००० साली सगळ्यांना फुकट देऊन टाकलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भाच्याने रविवारी येऊन बसवून दिलं, मोबदल्यात शिरवाळ्या खाऊन गेला. आता पुस्तक दिलं की बीप, परत आलं की बीप. शिक्का नाही, शाई नाही, नोंदवही नाही. मी खूश. पावसात लाइट जाते तेव्हा तेवढी जुनी वही काढते, ते सोडा.

आणि मग आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, दर बुधवारी दोन पुस्तकं, वर्गणी कधी चुकलेली नाही. नवं आलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी उघडलं, शेवटच्या पानावरचा तारखेचा कागद बघितला, कोरा. दुसरं उघडलं, तेही कोरं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, हें पुस्तक कोणेंच वाचूंक ना?"

मी म्हटलं, आजी, अकरा जणांनी वाचलंय, हे बघा इथे कॉम्प्युटरवर. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. त्यांची पुस्तक निवडायची पद्धत मला तेव्हा कळली, इतकी वर्षं समोर बसून लक्षात आली नव्हती. आमच्या कागदावर तारखेशेजारी वाचकाचा नंबर लिहायचो. ४७ नंबरने नेलेलं आजी डोळे मिटून न्यायच्या. ११८ नंबरने नेलेलं हातात धरत नसत, कारण ११८ त्यांच्या शेजारी, आणि दोघींच्या मधे हद्दीवरचा एक माड आहे ज्याचे नारळ कोणाचे हे अजून ठरायचंय. एका महिन्यात तीन वेगळ्या नंबरांनी नेलेलं असेल तर, "पळय, धांवता हें."

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे ग्रंथालयाचे पाच नियम १९३१ चे, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेत घोकलेला. पण आजींना वेळ वाचवायचा नाहीच आहे, त्यांना तो इथेच घालवायचाय, पंख्याखाली, एकेक कागद उलटत.

कोणी काय वाचलं हे तिसऱ्याला कळू द्यायचं नाही हेही मी शिकलेय, आणि ते मला पटतं. कागदावर उघडे नंबर लिहायचो ती खरं तर आमची चूकच होती. पण तीच चूक इतकी वर्षं गावाला पुस्तकं सुचवत होती त्याचं काय करायचं? सगळ्यात जास्त वाचलेल्या १० पुस्तकांची यादी रंगीत डिझाइन करून वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले, आणि एकाने विचारलं, दिवाळी अंक कधी?

शेवटी अर्ध्यावर तोडगा काढला. बीप तर करायचाच, पण शिक्काही मारायचा, नुसती तारीख, नंबर नाही. शाईचा पॅड सुकला होता, त्यावर पाणी शिंपडून चालवलं.

पुढच्या बुधवारी आजींनी तारखा मोजल्या, चार, मान डोलावली. मग पानं चाळता चाळता मधेच थांबल्या. एका कोपऱ्यावर हळदीचा बोटाचा ठसा होता आणि पान आतल्या बाजूला दुमडलेलं. त्यांनी चष्मा वर केला, ठसा जवळ धरून बघितला, आणि पुस्तक माझ्या टेबलावर परत ठेवलं.

"शेजारणीचें," म्हणाल्या. "दुसरें दी."