भिंतीवरची उडी

आठवीत असताना, 1984 साली, माझ्या बाकावरच्या मित्राने शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि डावा पाय मोडून घेतला. पलीकडे चिंचेचं झाड होतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. हेडसरांनी भिंतीवर काचा लावून घेतल्या. मागच्या दिवाळीत मुद्दाम जाऊन बघितलं, आहेत अजून.

मित्राचं घर मूळचं वसईचं, वडिलांच्या बदलीमुळे साताऱ्यात आलेलं. घरात कादोडी ही वसईकडची बोली बोलायचे. आमच्याशी मात्र मावशी, म्हणजे मित्राची आई, अस्सल सातारी बोलायच्या. प्लास्टर निघालं तरी पोरगं लंगडतंय म्हटल्यावर त्या तामिळनाडूतल्या वेलंकणी मातेला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मारियामातेला, नवस बोलल्या. पाय सुधारला, पण दर वर्षी काहीतरी निघायचं आणि नवस राहायचा. शेवटी 2002 साली मित्राचा फोन आला, "आईला घेऊन चाललोय, येतोस?" नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पुण्याहून रेल्वेने चेन्नई, पुढे रात्रभर बस. कंदी पेढे वाटेतच संपले. मावशींनी प्रवासात तिथल्या कथा सांगितल्या. त्यातली ताक विकणाऱ्या पांगळ्या पोराची माझ्या लक्षात राहिली. मातेने त्याच्याकडे ताक मागितलं आणि पोरगं चालायला लागलं.

8 सप्टेंबर हा सणाचा दिवस, त्यामुळे आदल्या रात्रीची मिरवणूक सर्वांत मोठी. 29 ऑगस्टला निशाण चढल्यापासून माणसं येतच होती. मुंडण केलेली, कडेवर लेकरं घेतलेली, भगव्या कपड्यांत कित्येक दिवस पायी चालत आलेली. ते भगवं बघून मी क्षणभर चक्रावलो. दिव्यांनी लखलखणारा रथ निघाला. आत मारियामाता, चक्क साडीत! "मरिये वाळ्गा!", म्हणजे मारियेचा जयजयकार, अशी आरोळी उठली आणि गर्दीने आम्हाला उचललंच. शाळेतून लोणंदला माउलींच्या पालखीत पाणी वाटायला न्यायचे, तेव्हा स्काउटचे सर बजावायचे, "गर्दीत वर बघू नका, पुढच्याच्या टाचा बघा." तेच केलं. पुढच्या म्हाताऱ्याच्या टाचेच्या भेगांत वाळू भरली होती आणि वर मेणाचा एक थेंब गोठला होता. बराच वेळ मी तेवढंच बघत चाललो. रथ नीट बघितला तो परतीच्या वळणावर.

गर्दी पांगल्यावर मावशी वाळूच्या वाटेवर गुडघ्यांवर उतरल्या. मी त्यांच्या चपला घेऊन शेजारून चाललो. मधेच थांबायच्या, धाप लागायची, जपमाळ पुढे सरकायची. हात दिला तर झटकला.

शेवटी पदराच्या गाठीतून नवसाचा चांदीचा इवलासा पाय काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तूच टाक पेटीत."

"मी कशाला, मावशी?"

"'मार उडी, भित्र्या' कोण म्हणालं होतं?"

अठरा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मित्र समुद्राकडे तोंड करून मुकाट उभा होता.