सगळं सेट आहे!

आज भाचीच्या वहीत गृहपाठ दिसला: 'सेट' या शब्दाचे तीन अर्थ लिहा. तीनच? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद याच शब्दाची होती. एकट्या क्रियापदाचे ४०० च्या वर अर्थ! पुढे म्हणे 'रन'ने त्याला मागे टाकलं, क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ घेऊन. (क्रिकेटवेड्यांनो, फार खूश होऊ नका, धावफलकाचा यात वाटा चिमूटभरच.)

सूर्य मावळला की सेट, सिमेंट घट्ट झालं की सेट, मोडलेलं हाड बसवलं की सेट, गजर लावला तरी सेटच. गणितातला संच आणि टेनिसमधला सेट आणखी वेगळे.

आपणही काही कमी नाही. मोत्यांचा सेट, चहाच्या कपांचा सेट, मालिकेचा सेट, पार्लरमध्ये केस सेट. हल्ली तर दहीसुद्धा 'सेट होतं'. हे मात्र मला अजिबात पटत नाही. दही लागतं हो!

आणि खास आपला अर्थ आमच्या मावशीकडून ऐकावा: "धाकटा पुण्यात सेट झाला." म्हणजे नोकरी, फ्लॅट आणि बायको. याच क्रमाने.