वेबर्न: गव्हाच्या पावत्या आणि रिगचा पगार

वेबर्न शेतीचं गाव की तेलाचं, असं बाहेरची माणसं विचारतात. इथे राहणाऱ्याला यातलं एक निवडता येत नाही, कारण बऱ्याच घरांत दोन्ही आहे. मी इथे अकाउंटंट आहे, लोकांचे टॅक्सचे कागद भरते. त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही, कागदांवरून सांगते.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या आग्नेय भागात, रेजायनापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, सूरिस नदीच्या काठी हे गाव आहे. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 11,019 भरली. कायद्याने हे शहर, पण पोस्टात गेलं की रांगेतली निम्मी माणसं ओळखीची निघतात. 39 नंबरच्या हायवेवर धान्याचे ट्रक आणि तेलाचे टँकर एकामागोमाग धावत असतात. जमीन इतकी सपाट की पुढच्या गावाचं एलिव्हेटर, म्हणजे धान्य घेऊन साठवणारं उंच कोठार, गावाच्या कितीतरी आधी दिसतं. जुलैत एका बाजूला कॅनोला हे मोहरीसारखं तेलबियांचं पीक पिवळंधमक आणि दुसऱ्या बाजूला जवसाची निळी फुलं. त्या रंगांच्या मधोमध विहिरीतून तेल उपसणारा पंपजॅक आपली मान वर-खाली करत असतो, रात्रंदिवस.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाई वर्षभराचे कागद बुटांच्या खोक्यात आणतात. खोकं उघडलं की आधी टेबलावर गव्हाचा भुसा पडतो. मग पाकिटं निघतात. पहिल्यात एलिव्हेटरच्या पावत्या: ड्युरम गव्हाचं वजन, कचऱ्यापोटी किती कापलं, ओलावा, प्रोटीन, प्रत. दुसऱ्यात नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या. तो तेलविहिरींची दुरुस्ती करणाऱ्या सर्व्हिस रिगवर, म्हणजे हलवता येणाऱ्या मोठ्या यंत्रावर, कामाला असतो. तिसऱ्यात शेतातल्या विहिरीपोटी तेल कंपनीकडून आलेलं जागेचं भाडं. चौथ्यात पीकविम्याची पत्रं. पाकिटांवर बाईंच्या अक्षरात महिने लिहिलेले असतात. सगळा हिशेब त्याच ठेवतात, आणि माझ्यापेक्षा त्यांना तो जास्त पाठ असतो.

आमचं बोलणं बहुतेक एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: धान्याचे पैसे या वर्षात धरायचे की पुढच्या. इथे गहू, कॅनोला, जवस, बार्ली यांसारखं धान्य एलिव्हेटरला घालून रक्कम पुढच्या वर्षी घेता येते, म्हणजे उत्पन्नही पुढच्या वर्षात जातं. रिगवर भरपूर काम मिळालेल्या वर्षी त्या धान्य पुढे ढकलतात. तेल थंडावलं की मागचं ढकललेलं धान्य घर चालवतं. मसुरीला ही सवलत नाही, त्यामुळे मसूर किती पेरायचा याचा विचार करताना हाही मुद्दा त्यांच्या बोलण्यात येतो. हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नसतं.

दोन्ही धंदे एका घरात मावतात याचं खरं कारण हवामान आहे. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो, जमीन दगडासारखी गोठते, शेतात करण्यासारखं काही उरत नाही. पण जड रिग हलवायला तीच गोठलेली जमीन लागते, म्हणून तेव्हा ड्रिलिंग जोरात चालतं. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्ते मऊ झाले की जड वाहनांच्या वजनावर बंधनं येतात. याला सगळे ब्रेकअप म्हणतात. रिग थांबतात, पोरं घरी येतात, आणि मे महिना पेरणीचा. जणू कोणीतरी बसून वेळापत्रक जुळवून दिलं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र ते जुळत नाही. कापणीलाही माणूस हवा आणि रिगलाही. तेव्हा बायका, म्हातारे आजोबा, कॉलेजला जाणाऱ्या मुली कंबाइनवर, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रावर, बसतात आणि ट्रक चालवतात.

जमिनीवरचं पीक शेतकऱ्याचं असलं तरी खालचं तेल बहुतेकदा त्याचं नसतं. ते सरकारचं असतं किंवा दुसऱ्या कोणाचं तरी. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला जमिनींबरोबर खालचे हक्कही मिळाले होते, आणि जुन्या काळी जमीन घेतलेल्या काही घराण्यांकडे ते आजही आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांची गोष्टच वेगळी. बाकीच्यांना विहिरीच्या जागेचं आणि तिथवरच्या रस्त्याचं भाडं मिळतं. शेतकरी नाही म्हणाला तर कंपनी लवादाकडे जाते, आणि शेवटी शिरण्याचा हक्क मिळवते. म्हणून भाडं हे मला उत्पन्नापेक्षा भरपाई वाटतं. साठ फुटी पेरणीयंत्र शेताच्या मधोमध उभ्या विहिरीला वळसा घालतं तेव्हा त्याच पट्ट्यावर बी आणि खत दोनदा पडतं. कडेने कोशियासारखं तण माजतं आणि वाऱ्यावर शेतभर पसरतं. सांडलेलं तेल निदान नजरेला दिसतं. इथले शेतकरी जास्त भितात ते विहिरीतून तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्याला. ते समुद्रापेक्षा कितीतरी खारट असतं, आणि पाइप फुटून मुरलं तर तिथे वर्षानुवर्षं गवतसुद्धा नीट येत नाही.

तेल नव्हतं तेव्हा काय होतं, हे गाव विसरलेलं नाही. 1930 च्या दशकातल्या दुष्काळात इथली माती अक्षरशः उडून गेली. 1930 मध्ये टॉमी डग्लस नावाचा तरुण पाद्री इथल्या कॅल्व्हरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये आला. त्याने या माणसांची दैना जवळून पाहिली आणि 1935 मध्ये तो खासदार झाला. 1944 ते 1961 तो प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, होता. सरकारी खर्चाने सगळ्यांना वैद्यकीय उपचार देण्याची योजना त्याच्याच पक्षाच्या सरकारने 1 जुलै 1962 ला सस्कॅचेवानमध्ये सुरू केली, आणि पुढे ती देशभर गेली. त्याच्या चर्चच्या इमारतीत आता नाटकं-गाणी होतात. मी तिथे जाते तेव्हा मला नेहमी वाटतं, एकाच पिकावर जगणाऱ्या माणसांचं हाल होणं त्याने पाहिलं नसतं तर ही योजना इतक्या लवकर आली नसती.

तेल सापडलं 1950 च्या दशकाच्या मध्यावर. 2000 पासून सीमेपलीकडच्या नॉर्थ डकोटातल्या ब्यूला इथल्या कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड तीनशेहून जास्त किलोमीटरच्या पाइपलाइनने इथे येतो. तो दाबाने खाली सोडला की तेलात विरघळतो, तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकतं, आणि बराचसा वायू खालीच राहतो. थकलेल्या क्षेत्राला त्याने नवं आयुष्य दिलं, आणि गावातल्या कित्येक घरांना नोकरी.

तरी निश्चिंती कुणालाच नाही. 2014 च्या शेवटी तेलाचे भाव कोसळले तेव्हा दारांपुढे विक्रीच्या पाट्या लावलेले पिकअप ट्रक उभे राहिले. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेतल्या तेलाच्या वायद्याचा भाव बॅरलला उणे 37.63 डॉलर झाला. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, पाऊस नाही. आणि 2017 च्या डिसेंबरमध्ये भारताने मसुरीवर 30 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा एका शेतकऱ्याने मला विचारलं, “तुमच्याकडचे लोक आता मसूर खायचे थांबणार का?” त्याच्या कोठारात माल पडून होता. मी म्हटलं, खाणं कोणी थांबवत नाही, तिकडच्या शेतकऱ्यालाही भाव हवा आहे. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “ते मला कळतं.” दिल्लीतल्या एका निर्णयाने त्याच्या घराचा वर्षाचा हिशेब बदलला होता आणि तो कागद माझ्या हातात होता.

मला सध्या काळजी वाटते ती संपलेल्या विहिरींची. 2020 मध्ये केंद्र सरकारने सस्कॅचेवानला जुन्या विहिरी बंद करून जागा साफ करण्यासाठी 40 कोटी डॉलर दिले. पुष्कळ विहिरी त्यातून बुजल्या, माझ्या ओळखीच्या शेतांतल्याही. पण विहीर बुजली म्हणजे माती परत आली असं नाही. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ गेल्या शरदात माझ्याकडे आले. कंपनी म्हणत होती जागा साफ करायचं काम झालं, सही करा. त्यांनी फोनवर कंबाइनने काढलेला, कुठे किती पीक आलं ते दाखवणारा नकाशा दाखवला: सगळं शेत हिरवं आणि मधे चौकोनी लाल डाग. त्या जागी गहू निम्माही आला नव्हता. मी त्यांना आधीच्या वर्षांचे नकाशे, भाड्याचे करार आणि पेरणीचा खर्च एका फाइलमध्ये लावून दिला, म्हणजे दावा करायची वेळ आली तर आकडे हाताशी असतील.

“आणखी दोन हंगाम पेरून बघतो,” ते म्हणाले. “तोवर सही नाही.”