ताई, थायरॉइड वाढलाय का कमी झालाय?

"टीएसएच 28 आलाय, म्हणजे थायरॉइड वाढलाय की ओ ताई. मग डॉक्टर परत थायरॉइडचीच गोळी का देतात?"

सोलापुरात, पूर्व भागातल्या एका लॅबमध्ये मी 19 वर्षं रक्त घेते. विडीचा माल जमा करून परस्पर आलेल्या बायका, टॉवेल कारखान्यातले कामगार, बाळंतपणाआधीच्या तपासण्यांना आलेल्या मुली, सगळ्यांचा प्रश्न हाच. मागे रांग असते, म्हणून मी "टीएसएच उलटा वाचायचा असतो" एवढंच सांगून पाकीट हातात देते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. अपुरं उत्तर किती महागात पडतं ते मी माझ्या घरात पाहिलंय. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं सांगते.

थायरॉइड हे आजाराचं नाव नाही. ती गळ्यात पुढच्या बाजूला असलेली, साधारण 20 ग्रॅमची ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते. मिठातून, अन्नातून आलेलं आयोडीन वापरून ती मुख्यतः टी-फोर आणि थोडा टी-थ्री ही हार्मोन बनवते. टीएसएच मात्र ती बनवत नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. गोंधळाचं मूळ इथेच आहे. रिपोर्टवर "थायरॉइड प्रोफाइल" छापलेलं असतं आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा थायरॉइडचा नसतोच.

दुपारी आई पोराला जेवायला हाक मारते. पोरानं "आलो" म्हटलं की ती गप्प बसते. ओ आली नाही तर आवाज चढतो, मग ती उंबऱ्यात येऊन हाक मारते, मग गल्लीच्या तोंडाशी. टीएसएच ही पिट्युटरीची हाक आणि टी-फोर ही थायरॉइडची ओ. रक्तात टी-फोर पुरेसा असला की पिट्युटरी आवाज खाली आणते, कमी पडला की चढवते. तुमचा 28 म्हणजे चढलेला आवाज. गोळीत टी-फोरच असतो. ग्रंथीला जी ओ देता येत नाही, ती गोळी देते, आणि हाक आपोआप खाली येते.

एक खरं आहे, सतत चढ्या हाकेनं ग्रंथी कधी कधी आकारानं खरंच वाढते. आयोडीन कमी पडलं की गळ्याला येणारी गाठ, जिला आपण गलगंड म्हणतो, ती बरीचशी अशीच येते. काम होत नाही, पण हाक थांबत नाही, म्हणून ग्रंथी फुगत जाते.

पिट्युटरीलाही वरून निरोप येतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून टीआरएच सुटतो. तो अवघ्या तीन अमिनो आम्लांचा आहे. तो शोधायला रॉजर गियमँ यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे मेंदू लाखांनी गोळा केले, आणि 1969 साली त्याची रचना कळली. दोघांना 1977 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर रोझलिन यॅलो यांनाही मिळालं, रक्तातली हार्मोनची अतिसूक्ष्म मात्रा मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल. पिवळ्या टोपणाची नळी फिरवून झाली की जेलच्या वर गवताच्या काडीच्या रंगाचं सीरम उभं राहतं. त्यातल्या थेंबा-दोन थेंबांवर मशीन टीएसएच सांगतं. ते बघताना मला या बाईंची आठवण होते. आज पद्धत बदलली आहे, पण वाट त्यांनी पाडली.

हाकेचा आवाज टी-फोरच्या मापात चढत नाही. टी-फोर निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी उसळतो. म्हणून डॉक्टर आधी टीएसएच बघतात. ग्रंथी नुकती थकायला लागली की टीएसएच 7-8 दिसतो आणि टी-फोर अजून मर्यादेत असतो, कारण चढ्या हाकेनं ग्रंथी कसंबसं काम ओढत असते. तिथे गोळी लगेच द्यायची की थांबायचं, हे वय, गरोदरपण, त्रास बघून डॉक्टर ठरवतात.

आता साठ्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरात हौद, पिंप, घागरी. थायरॉइडचंही तसंच आहे. शरीरातल्या बहुतेक ग्रंथी हार्मोन बनवतात आणि सोडतात, ही मात्र दोन-तीन महिने पुरेल एवढा माल स्वतःच्या बारीक पोकळ्यांत भरून ठेवते. तो हौद. रक्तात उतरलेल्या टी-फोरलाही प्रथिनं धरून ठेवतात, ते पिंप. 10,000 भागांतले जेमतेम दोन-तीन भाग मोकळे असतात. हातातला तांब्या तेवढाच, आणि शरीर वापरतं तो हाच. "फ्री टी-फोर" म्हणून आम्ही मोजतो तोही हाच. गरोदरपणात पिंपच मोठं होतं, म्हणून एकूण टी-फोर जास्त दिसतो, तांब्या मात्र वेगळा बघावा लागतो.

टी-फोर रक्तात टिकतोही पुष्कळ. निम्मा संपायला साधारण सात दिवस लागतात. माझ्या आईच्या बाबतीत घात झाला तो इथेच.

आई सहा वर्षं गोळी घेत होती. टीएसएच 2.4 आला. एका दवाखान्यात तिला सांगितलं, "नॉर्मल आहे, आता बंद केली तरी चालेल." आकडा नॉर्मल होता तो गोळीमुळे. तिची ग्रंथी तिच्याच प्रतिकारशक्तीनं केव्हाच पोखरली होती, हौद कोरडा होता. पण पिंपात पाणी होतं ना, त्यामुळे पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्यातही नाही. "बघ, गोळीशिवाय छान आहे," ती फोनवर म्हणायची आणि मी ऐकून घ्यायची. तिसऱ्या महिन्यात गेले तेव्हा मे चालू होता, बाहेर 43 अंश. आई म्हणाली, पंखा बंद कर. अंगावर चादर होती. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, आणि मनगटावरच्या बांगड्या जागच्या हलेनात. मी तिथेच तिचं रक्त घेतलं. टीएसएच 61. त्या रात्री मला झोप लागली नाही. रोज जे आकडे मी दुसऱ्यांना देते त्यांचा अर्थ आईला नीट सांगितला नव्हता.

म्हणून हात जोडून सांगते, "नॉर्मल" रिपोर्ट बघून गोळी आपल्या मनानं सोडू नका. काही जणांचा थायरॉइड तात्पुरता सुस्तावतो, बाळंतपणानंतर असं होतं, त्यांची गोळी सुटूही शकते. पण ती डॉक्टरांनी पुढची तपासणी ठरवून सोडवायची.

उलटही विचारतात: "टीएसएच 0.01 आलाय, म्हणजे थायरॉइड संपला का?" नाही, बहुतेकदा तो पळतोय. ग्रेव्हज नावाच्या आजारात शरीरातल्या अँटिबॉडी पिट्युटरीचा आवाज काढून खोटी हाक मारतात. ग्रंथी ओ देत सुटते. पिट्युटरी केव्हाच गप्प झालेली असते, पण खोटी हाक थांबत नाही. छाती धडधडते, वजन उतरतं, हात थरथरतात.

आणि क्वचित पिट्युटरीच आजारी असते. तेव्हा टी-फोर कमी असूनही हाक उठत नाही, टीएसएच साधा दिसतो. डॉक्टरांनी फ्री टी-फोर लिहिला असेल तर पैसे वाचवायला तो गाळू नका.

तपासणीला येताना चार गोष्टी सांभाळा. टीएसएच रात्री वर असतो, दुपारी उतरतो, म्हणून एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी विड्या देऊन दुपारी दोनला असं करू नका. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, काही मशीनवर त्यानं आकडे साफ खोटे येतात. टायफॉइड, डेंगी अंगात असताना थायरॉइड तपासू नये, आजारात शरीर स्वतःच टी-थ्री कमी करतं. ती वेळ जाऊ द्या, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

डोस बदलला की लोक पंधरा दिवसांत येतात. टी-फोरची नवी पातळी बसायला पाच-सहा आठवडे लागतात आणि पिट्युटरीही लगेच आवाज बदलत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी या. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. आईनं आता गोळीची बाटली पिण्याच्या पाण्याच्या घागरीशेजारी ठेवली आहे. पहाटे नळाला पाणी येवो न येवो, उठली की पहिला हात तिकडेच जातो.